विंडोज, मॅक, लिनक्स: फाइल कॉपी नक्की कुठे अडते?

अक्षता दुपारी पडतात, वरात रात्री आटोपते आणि कॅमेऱ्यांची कार्डं त्याच रात्री रिकामी करावी लागतात, कारण दुसऱ्या दिवशी निपाणीत किंवा खानापुरात दुसरं लग्न असतं. दोन कॅमेरे, एक व्हिडिओ, थोडं ड्रोन असं धरलं तरी २०० जीबी सहज होतात. फोर-के व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिटनं घेतला तर तासाला ४५ जीबी लागतात. हा सगळा माल आधी संगणकावर उतरवायचा, तिथून बाहेरच्या हार्डडिस्कवर, आणि अल्बम कोल्हापूरला छापायचा असेल तर निवडक फोटो पेनड्राइव्हवर. यात कुठेतरी हिरवी पट्टी ९९ टक्क्यांवर थांबते आणि 'विंडोजच स्लो आहे' असा निकाल दिला जातो.

बहुतेक वेळा हा निकाल चुकतो, कारण दोष केबलचा, डिस्कचा किंवा फाइलींच्या संख्येचा असतो. पण ऑपरेटिंग सिस्टिम अगदीच निर्दोष नाहीत. तिघींची कॉपी करण्याची रीत वेगळी आहे आणि प्रत्येकीची एकेक खोड आहे. विंडोजचा फाइल एक्स्प्लोरर आणि रोबोकॉपी ही टाइप करून द्यायची आज्ञा, बाहेरून घ्यायचे टेराकॉपी आणि फास्टकॉपी, मॅकचा फाइंडर, लिनक्सचा फाइल मॅनेजर आणि आरसिंक ही तशीच आज्ञा, एवढ्यांची पारख इथे केली आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातले फोटो स्टुडिओ आणि डीटीपीची दुकानं नजरेसमोर ठेवली आहेत. एक कसोटी वेगाची. दुसरी, आमच्या मते जास्त महत्त्वाची: कॉपी 'झाली' असं सांगितलं तेव्हा ती खरंच झाली होती का?

आधी वाट मोजा

कॉपीचा वेग वाटेतल्या सर्वांत अरुंद जागेवर ठरतो. यूएसबी २.० चा कागदावरचा वेग ४८० मेगाबिट, पण हातात पडतात ३० ते ४० एमबी. यूएसबी ३.० चा ५ गिगाबिट, त्यातून एसएसडी असेल तर ४०० एमबीच्या आसपास मिळतात. लॅपटॉपवर चालणारी छोटी बाहेरची हार्डडिस्क, मिनिटाला ५४०० फेऱ्यांची, रिकामी असताना १०० ते १३० एमबी देते. भरत आली की आतल्या वर्तुळांवर तोच वेग निम्म्यावर येतो. हे सगळे आकडे सेकंदाला.

आता तेच २०० जीबी या वाटांवरून न्या. ४०० एमबीनं ८ मिनिटं २० सेकंद. ११० एमबीनं अर्धा तास. यूएसबी २.० च्या ३५ एमबीनं १ तास ३५ मिनिटं. आणि दुकानातलं नेटवर्क जुन्या १०० मेगाबिटच्या स्विचवर असेल तर ११ एमबीनं ५ तास. सॉफ्टवेअर बदलून यातलं काहीही बदलत नाही.

म्हणून सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी केबल बघा. मोबाइलच्या चार्जरसोबत येणारी सी-टाइप केबल बहुतेक वेळा आतून यूएसबी २.० च असते. दिसायला जाड, पण वेगवान सिग्नलच्या तारा तिच्यात नसतात. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचे पोर्ट आतल्या जोडवायरवर अवलंबून असतात, ती सैल असेल तर डिस्क मधेच डिस्कनेक्ट होते. मोठ्या फाइली नेताना मागचा, थेट मदरबोर्डवरचा पोर्ट घ्यावा. नक्की कोणत्या वेगानं जोडलंय ते लिनक्सवर 'एलएसयूएसबी -टी' या आज्ञेत दिसतं: ४८०एम दिसलं तर यूएसबी २.०, ५०००एम दिसलं तर ३.०. मॅकवर हेच सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये यूएसबी या नोंदीखाली मिळतं. विंडोजवर सोपा मार्ग म्हणजे क्रिस्टलडिस्कमार्क हा वेग मोजणारा प्रोग्राम चालवून बघणं. वाचन-लेखन दोन्ही ४० च्या आत अडकलं तर केबल किंवा पोर्ट बदला.

डिस्कची तीन दुखणी

पहिलं दुखणं लहान फाइलींचं. फिरत्या डिस्कची तबकडी सेकंदाला ९० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. वाचणारं-लिहिणारं डोकं योग्य जागी न्यायचं, फेरा पूर्ण होण्याची वाट बघायची, फाइल लिहायची, मग तिची नोंद दुसऱ्याच जागी करायची. फाइलमागे ३० मिलिसेकंद धरले तर २० केबीच्या ५०,००० फाइलींना २५ मिनिटं लागतात. त्यांचं एकूण वजन फक्त १ जीबी. तेवढ्याच वजनाची एकच फाइल १० सेकंदांत जाते. डीटीपीच्या दुकानात वर्षानुवर्षांच्या पत्रिका, नुडी आणि श्रीलिपीतल्या मजकुराचे तुकडे, छोटी क्लिपार्ट असा संग्रह असतो. त्याचा बॅकअप रखडतो तो यामुळे. उपाय: सेव्हन-झिपमध्ये कॉम्प्रेशनच्या रकान्यात 'स्टोअर' निवडून संग्रहाची एकच फाइल बांधा आणि ती हलवा. दाबून लहान करण्यात वेळ घालवू नका, फक्त बांधा. बांधताना वाचनाचा वेळ एकदा लागणारच, पण ती फाइल पुढे दहा ठिकाणी न्यायची असेल तर तो वेळ पुन्हा लागत नाही.

जागेचाही हिशेब आहे. विंडोजवर ३२ जीबीपेक्षा मोठी डिस्क एक्सफॅटमध्ये (विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालणाऱ्या मांडणीत) फॉरमॅट केली की एका खणाचा आकार आपोआप १२८ केबी होतो. २० केबीच्या फाइललाही अख्खा खण लागतो. म्हणजे वरच्या १ जीबीच्या ५०,००० फाइली साडेसहा जीबी जागा खातात.

दुसरं दुखणं एसएमआर डिस्कचं. बाहेरच्या स्वस्त हार्डडिस्कमध्ये ही रचना सर्रास असते. घरावर कौलं एकावर एक चढवतात तसे यात लेखनाचे पट्टे एकमेकांवर चढलेले असतात. एक पट्टा बदलायचा तर त्याला लागून असलेले पुन्हा लिहावे लागतात. डिस्क आधी एका राखीव भागात भराभर लिहून घेते. तो भरला की वेग १०० वरून २०-३० वर कोसळतो आणि अधूनमधून शून्यावरही जातो. डिस्क बिघडलेली नसते. अशा डिस्कवर १००-१५० जीबीच्या टप्प्यांत कॉपी करून मध्ये तिला थोडा वेळ जोडलेली पण मोकळी ठेवली तर ती आतली आवराआवर करून घेते. एकदा लिहून कपाटात ठेवायच्या बॅकअपला ही डिस्क चालते. तिच्यावर रोज व्हिडिओ एडिटिंग करू नये.

तिसरं स्वस्त एसएसडी आणि पेनड्राइव्हचं. एसएसडी सुरुवातीचे काही जीबी वेगवान तात्पुरत्या जागेत, म्हणजे कॅशमध्ये, घेते आणि ती भरली की खरा वेग दाखवते. क्यूएलसी प्रकारच्या चिपवर तो १०० एमबीच्या खाली, म्हणजे साध्या हार्डडिस्कच्याही खाली जाऊ शकतो. पेनड्राइव्हच्या पाकिटावर छापलेला १०० किंवा १५० एमबीचा आकडा वाचनाचा असतो. लेखनाचा आकडा छापलेला नसेल तर तो १०-२० असणार, असं धरून चाला. छोट्या डब्यातल्या एनव्हीएमई एसएसडीला उष्णतेचाही त्रास होतो. अथणी-रायबागकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो, तेव्हा बंद खोलीत अर्धा तास सलग लिहिलं की ती स्वतःहून वेग कमी करते. धातूचा डबा घ्या आणि तो पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. कापडावर किंवा गादीवर नको.

आणखी एक. एकाच हार्डडिस्कच्या डी ड्राइव्हवरून ई ड्राइव्हवर कॉपी म्हणजे तेच डोकं इकडून तिकडे धावणार. ती संथच असते. त्याच डिस्कवर दोन कॉपी एकदम लावल्या तर दोन्ही मिळून लागणारा वेळ एकापाठोपाठ एक लावल्यापेक्षा जास्त होतो. एक संपू द्या, मग दुसरी लावा.

विंडोज

फाइल एक्स्प्लोररची कॉपी आज वाईट नाही. २००७ मधल्या व्हिस्टानं तिचं नाव खराब केलं होतं. पहिल्या सर्व्हिस पॅकमध्ये सुधारणा झाली आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून आलेख, 'पॉझ' आणि सगळ्या कॉपी एका खिडकीत मिळू लागल्या. तो आलेख वाचायला शिकलं पाहिजे. सुरुवातीला ८०० एमबीचा डोंगर आणि मग २५ एमबीचं पठार दिसलं तर डोंगर म्हणजे रॅम आणि एसएसडीची कॅश, पठार म्हणजे खरी डिस्क. करवतीच्या दात्यांसारखा वर-खाली जाणारा आलेख बहुधा एसएमआर डिस्कचा किंवा मिसळलेल्या लहान-मोठ्या फाइलींचा असतो. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर डिस्कचा 'अ‍ॅक्टिव्ह टाइम' १०० टक्के आणि वेग मात्र २-३ एमबी असेल तर डिस्क जीव तोडून काम करतेय. तिला आणखी काम देऊ नका, आणि क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तिची तब्येत तपासा. तिथे ०५ आणि सी५ या ओळींत शून्याऐवजी आकडा दिसू लागला तर त्या डिस्कवरचा माल आजच दुसरीकडे हलवा. सी७ वाढत असेल तर डिस्कऐवजी आधी केबलवर संशय घ्या.

एक्स्प्लोररच्या खऱ्या खोडी तीन. तो लिहिलेलं पुन्हा वाचून तपासत नाही. एखादी फाइल अडली की खिडकी उघडून उत्तराची वाट बघतो, म्हणजे रात्री लावलेली कॉपी सकाळी ४ टक्क्यांवर सापडते. आणि एका कामातल्या फाइली एकामागून एकच नेतो, त्यामुळे नेटवर्कवर हजारो लहान फाइली नेताना रेंगाळतो. कॅमेऱ्याच्या कार्डवरून 'कट-पेस्ट' तर कधीच करू नये. पोचलेली प्रत कुणी तपासलेली नसते आणि मूळ तोवर पुसलेलं असतं.

यावर विंडोजमध्येच फुकट असलेला उपाय म्हणजे रोबोकॉपी. व्हिस्टापासून प्रत्येक विंडोजमध्ये ती आहे, तरी दुकानांत ती फारशी दिसत नाही, हे खरोखर नुकसान आहे. आज्ञा अशी, टाइप करताना अर्थात रोमन अक्षरांत:

रोबोकॉपी "डी:\लग्न" "एफ:\लग्न" /ई /एमटी:८ /आर:१ /डब्ल्यू:१ /लॉग:"सी:\नोंद\लग्न.टीएक्सटी"

/ई दिलं नाही तर फक्त वरच्या फोल्डरातल्या फाइली जातात, आतले फोल्डर राहून जातात. नवख्यांची पहिली चूक हीच. /आर आणि /डब्ल्यू वगळले तर खराब फाइलवर ती १० लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून प्रयत्न करते. म्हणजे अडलीच. /एमटी म्हणजे एका वेळी किती फाइली. आकडा न देता लिहिलं तर ८, जास्तीत जास्त १२८. एसएसडी किंवा नेटवर्कवर लहान फाइलींसाठी १६ ते ३२ चांगले, फिरत्या डिस्कवर ४ ते ८ च्या वर जाऊ नका, डोक्याची धावाधाव वाढून वेग घटतो. व्हिडिओच्या मोजक्या, मोठ्या फाइली असतील तर /एमटी काढून /जे द्या. मग रॅममधल्या कॅशला वळसा घालून थेट लेखन होतं आणि बाकीचा संगणक अडखळत नाही. लॉगसाठी 'नोंद' हा फोल्डर आधी तयार करून ठेवा.

तीन सापळे. /एमआयआर म्हणजे आरसा: मूळ जागी जे नाही ते दुसऱ्या जागेवरून पुसलं जातं. चुकून रिकामं फोल्डर मूळ म्हणून दिलं तर बॅकअप गेला. पहिल्यांदा /एल लावून नुसती यादी बघा. दुसरा: अवतरण चिन्हांत दिलेला पत्ता उलट्या तिरक्या रेघेनं संपवला तर ती रेघ पुढच्या अवतरण चिन्हाला गिळते आणि आज्ञा बिघडते. तिसरा जास्त घाबरवणारा: कार्ड किंवा ड्राइव्ह मुळापासून एखाद्या फोल्डरात कॉपी केला की त्या फोल्डरला 'लपलेलं' आणि 'सिस्टिम' ही लक्षणं चिकटतात आणि फोल्डर दिसेनासं होतं. माल गेलेला नसतो. आज्ञेत /ए-:एसएच जोडलं की हे होत नाही.

शेवटी रोबोकॉपी एक आकडा परत देते. ७ पर्यंत कॉपी अडलेली नाही, ८ किंवा वर असेल तर काहीतरी राहिलंय. लॉग उघडून 'फेल्ड'चा रकाना बघायची सवय लावा.

डिफेंडर या विंडोजच्या अँटिव्हायरसचा भार लहान फाइलींवर जाणवतो, कारण प्रत्येक फाइल उघडताना तो ती तपासतो. विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, एक्स्क्लुजन्स या मार्गानं एखादं फोल्डर वगळता येतं. आमचं स्पष्ट मत असं की स्वतःच्या कॅमेऱ्यातला कच्चा माल जिथे उतरतो तेवढंच फोल्डर वगळावं. डीटीपीच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लागतात आणि फोल्डर लपवून शॉर्टकट दाखवणारा व्हायरस अजूनही फिरतो. तिथे वेगासाठी तपासणी बंद करणं म्हणजे एका गिऱ्हाइकाचा रोग दुसऱ्याला देणं.

विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कला 'क्विक रिमूव्हल' हे धोरण आपोआप लागू होतं. त्यात लेखन कॅशमध्ये साठवत नाहीत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या 'पॉलिसीज' पानावर 'बेटर परफॉर्मन्स' निवडलं तर लहान फाइलींत फरक पडतो, पण मग डिस्क 'इजेक्ट' न करता काढायची नाही. शिवाय पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला लाईटचा भरवसा नसतो. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर या सेटिंगला हात लावू नका. एक्सफॅटला जर्नल, म्हणजे बदलांची आधी नोंद ठेवणारी वही, नाही, त्यामुळे मध्येच लाईट गेली तर फक्त चालू फाइलच नव्हे, फोल्डरची नोंदही बिघडू शकते. विंडोजपुरती वापरायची डिस्क एनटीएफएस या विंडोजच्या मांडणीतच ठेवा. फॅट३२ तर व्हिडिओसाठी बादच, एक फाइल ४ जीबीपर्यंत पोचली की ती घेत नाही.

टेराकॉपी आणि फास्टकॉपी

टेराकॉपी वेगासाठी घेऊ नका. मोठ्या फाइलींत तो एक्स्प्लोररच्या बरोबरीनं चालतो, लहान फाइलींत फारसं काही मिळवून देत नाही. घ्यायचा तो पडताळणीसाठी. प्रत्येक फाइलीची खूण (तिच्या मजकुरावरून निघणारा आकडा, चेकसम) काढतो, लिहून झाल्यावर पुन्हा वाचतो, जुळली नाही तर लाल दाखवतो. अडलेल्या फाइलीसाठी काम थांबवत नाही, ती बाजूला ठेवून पुढे जातो. एकाच डिस्कवरची कामं रांगेत लावतो, वर सांगितलेली डोक्याची धावाधाव यानं टळते. पडताळणीला जवळपास कॉपीइतकाच वेळ जास्त लागतो आणि लग्नाच्या फोटोंसाठी तो द्यायलाच हवा. अक्षता परत टाकता येत नाहीत. मोफत आवृत्ती घरगुती वापरासाठी आहे, दुकानात वापरायचा तर परवाना घ्यावा.

फास्टकॉपी जपानी प्रोग्रामरनं बनवलेला. दिसायला रुक्ष, पण आत काम उत्तम. स्वतःची बफर वापरतो, विंडोजच्या कॅशला वळसा घालतो, त्यामुळे त्याचा आकडा पहिल्या मिनिटापासून खरा असतो. मूळ आणि मुक्काम एकाच डिस्कवर आहेत का ते ओळखून त्याप्रमाणे वाचन-लेखनाची पद्धत बदलतो: एकच डिस्क असेल तर आधी मोठा घास वाचतो, मग लिहितो. एका डिस्कवरच्या डी-ई कॉपीत हा फरक लक्षात येण्याजोगा आहे. 'व्हेरिफाय' चा पर्याय त्यातही आहे. व्यावसायिक वापराच्या अटी इथेही वाचून घ्याव्यात.

पडताळणीबद्दल एक बारकावा. लिहिल्या लिहिल्या लगेच वाचलं तर कधी कधी वाचन डिस्कवरून न होता रॅममधूनच होतं आणि सगळं हिरवं दिसतं. अगदी मोलाचा माल असेल तर डिस्क इजेक्ट करा, काढून पुन्हा लावा, मग खुणा जुळवा.

लिनक्स

उबुंटूसारख्या लिनक्सवर पेनड्राइव्हवर २ जीबीची फाइल टाका. पट्टी काही सेकंदांत पूर्ण होते आणि मग शेवटी गोठते, किंवा कॉपी 'झाली' असं सांगून इजेक्ट करताना अडीच-तीन मिनिटं लावते. कारण साधं आहे. लिनक्स आधी रॅममध्ये लिहून घेतं आणि मग डिस्कवर उतरवतं. मूळ सेटिंगमध्ये उपलब्ध रॅमच्या २० टक्क्यांपर्यंत न उतरवलेला माल साठू शकतो. १६ जीबी रॅम असेल तर हे तीनेक जीबी झाले. १२ एमबीनं लिहिणाऱ्या पेनड्राइव्हला २ जीबी उतरवायला २ मिनिटं ४७ सेकंद लागणारच. या वेळेत पेनड्राइव्ह उपसला की कोल्हापुरात फाइल उघडत नाही आणि दोष पेनड्राइव्हला जातो.

तात्पुरता उपाय: टर्मिनलमध्ये 'सिंक' लिहून एंटर दाबा, आज्ञा परत येईपर्यंत थांबा. कायमचा उपाय: सिससीटीएल (sysctl) या लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये 'व्हीएम.डर्टी_बाइट्स' ६७१०८८६४, म्हणजे ६४ एमबी, आणि 'व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स' १६७७७२१६, म्हणजे १६ एमबी, असं ठेवा. मग पट्टी खऱ्या वेगानं सरकते. वेगवान एसएसडीवर मोठ्या लेखनाचा वेग थोडा उतरतो, पण जिथे दिवसभर पेनड्राइव्ह लागतात तिथे हा सौदा फायद्याचा आहे.

एवढी खोड सोडली तर रोजच्या बॅकअपसाठी आमची पहिली पसंती लिनक्सवरच्या आरसिंकला. 'आरसिंक -ए --इन्फो=प्रोग्रेस२ मूळ/ मुक्काम/' एवढं पुरतं. मूळ पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ दिली तर फोल्डरातला माल जातो, नाही दिली तर फोल्डरच आत जाऊन बसतं. एक्सफॅट डिस्कवर -ए मालकी आणि परवानग्या लावायला जातो आणि चुका दाखवतो, तिथे '-आरटी --मॉडिफाय-विंडो=१' द्या. मध्येच लाईट गेली तर तीच आज्ञा पुन्हा चालवा, पूर्ण पोचलेल्या फाइली तो पुन्हा नेत नाही. आणि '-सी' लावून दुसरी फेरी मारली तर प्रत्येक फाइलीची खूण जुळवून बघतो, म्हणजे पडताळणीही झाली.

मॅक

मॅकच्या आतल्या डिस्कवर, २०१७ पासूनच्या एपीएफएसमध्ये, त्याच डिस्कवरची कॉपी क्षणात होते. ५० जीबीची फाइलसुद्धा. कारण खरी कॉपी होतच नाही, दोन नावं त्याच मालाकडे बोट दाखवतात आणि बदल झाला तेवढाच भाग वेगळा लिहिला जातो. सोय सुरेख आहे, पण याला बॅकअप समजू नका, डिस्क गेली तर दोन्ही जातात.

बाहेरच्या डिस्कवर फाइंडर ठीकठाक. एनटीएफएस डिस्क मॅक वाचतो, लिहीत नाही, म्हणून लोक एक्सफॅटकडे वळतात. तिथे मॅक फाइलींसोबत 'टिंब-अधोरेखा' नावानं सुरू होणाऱ्या छोट्या फाइली ठेवतो, आणि तीच डिस्क विंडोजवर लावली की फाइलींची संख्या फुगलेली दिसते. नवी डिस्क लावताच स्पॉटलाइट तिची अनुक्रमणी करू लागतो आणि कॉपीचा वेग खातो. स्पॉटलाइटच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसीत ती डिस्क टाकली की थांबतो.

देवनागरी नावांची अडचण

ही अडचण आपल्याकडे रोजची. विंडोजच्या एनटीएफएसवर फाइलच्या नावाला २५५ एककं मिळतात (देवनागरीचं एक चिन्ह म्हणजे एक एकक), लिनक्सच्या ईएक्सटी४ वर २५५ बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं आणि काना, मात्रा, पाय मोडण्याची खूण ही सगळी वेगळी चिन्हं. 'अक्षता' मध्ये सहा, म्हणजे १८ बाइट. 'श्री' मध्ये चार, म्हणजे १२. एकूण ८५ चिन्हांत नाव संपलं पाहिजे. पत्रिकेवरचा पूर्ण मजकूर, चि. सौ. कां. पासून मुहूर्तापर्यंत, फाइलच्या नावात टाकला की विंडोजवर सुखानं नांदलेली फाइल लिनक्सवर किंवा लिनक्स चालवणाऱ्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीवर) 'नाव फार लांब' म्हणून अडते. कन्नड नावांचंही असंच, तिथेही चिन्हाला ३ बाइट. नाव आटोपशीर ठेवा: २०२५-०५-११ निपाणी हळद ०१.

दुसरी गोष्ट 'ऱ' ची. 'वऱ्हाडी', 'दुसऱ्या' यांतला ऱ युनिकोडमध्ये एका चिन्हानं लिहिता येतो किंवा र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी. डोळ्याला दोन्ही सारखेच. मॅकची जुनी एचएफएस प्लस व्यवस्था तो नेहमी फोडून दोन चिन्हांत ठेवते. त्यामुळे 'वऱ्हाडी' फोल्डर त्या डिस्कवरून लिनक्सवर आरसिंक केलं की आधीचं आणि नवं अशी दोन एकसारख्या नावांची फोल्डरं तयार होतात आणि सगळा माल पुन्हा कॉपी होतो. जागा दुप्पट, वेळ दुप्पट. आरसिंकची ३ पासूनची आवृत्ती मॅकवर बसवून '--आयकॉन्व्ह=यूटीएफ-८-मॅक,यूटीएफ-८' दिलं की हे थांबतं.

विंडोजवर पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला की एक्स्प्लोरर कुरकुरतो. रोबोकॉपी लांब पत्ते निमूट नेते.

नेटवर्क आणि मोबाइल, थोडक्यात

गिगाबिट जोडणीवर ११० एमबी मिळायला हवेत. बरोबर ११ वर अडलं तर जोडणी १०० मेगाबिटवर उतरलीय. गिगाबिटला केबलच्या आठही तारा लागतात, १०० ला चारच. क्लिपमधली एक तार सुटली किंवा उंदरानं कुरतडली तरी नेट बरेचदा चालू राहतं, फक्त वेग दहाव्या हिश्श्यावर येतो. क्लिप नव्यानं मारा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत प्रो संगणकांवर शेअरिंगसाठी डिजिटल सही सक्तीची झाली, त्यानंतर पासवर्ड नसलेली जुनी नॅस उघडेनाशी होते. सक्ती काढून टाकण्यापेक्षा नॅसवर नाव आणि पासवर्ड लावा.

मोबाइलवरून केबलनं कॉपी एमटीपी पद्धतीनं होते, ती हजारो फोटोंच्या फोल्डरची यादी करतानाच दमते. शिवाय अनेक फोनांचा सी-टाइप पोर्ट यूएसबी २.० चाच असतो. व्हिडिओ आधी ओटीजी पेनड्राइव्हवर घेऊन मग उतरवणं बरेचदा जास्त खात्रीचं.

कुणी काय घ्यावं

स्टुडिओसाठी: यूएसबी ३ चा कार्ड रीडर मागच्या पोर्टला, माल आधी संगणकाच्या आतल्या एसएसडीवर, टेराकॉपी किंवा फास्टकॉपीनं पडताळणी लावून. तिथून दोन वेगळ्या डिस्कवर रोबोकॉपीनं, एकापाठोपाठ एक. कार्डवरून थेट दोन्ही डिस्कवर एकदम कॉपी लावू नका, संथ डिस्क कार्डला अडकवून ठेवते. डीटीपीच्या दुकानासाठी: जुना संग्रह बांधून एका फाइलीत, चालू काम रोबोकॉपीनं रोज रात्री, डिफेंडर चालू. लिनक्स वापरणाऱ्या कार्यालयांनी वरचे दोन डर्टी आकडे बसवून आरसिंक लावावा.

आणि कार्ड त्याच रात्री फॉरमॅट करू नका. दोन्ही डिस्कवरच्या खुणा जुळल्यावर, दुसऱ्या लग्नाला वेगळं कार्ड लावून, पहिलं निदान अल्बमची निवड होईपर्यंत चिठ्ठी चिकटवून बाजूला ठेवा. फॉरमॅट करायची वेळ येईल तेव्हा ते संगणकावर न करता ज्या कॅमेऱ्यात कार्ड लागणार आहे त्यातच करा.